एक खुंटी राखून

धुरीमामांना जगातली सदतीस बंदरं तोंडपाठ होती, आणि त्यातलं एकही शहर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच बैठकींत टाकलं आहे. ते टाकायचं, चहाचा एक घोट घ्यायचा आणि समोरच्यांचे चेहरे बघायचे, यात मला फार मजा येते. कुणी विचारतं, मामा आंधळे होते का. कुणी म्हणतं, तू थापा मारतोस. मी थापा मारतो हे खरं आहे, पण धुरीमामांच्या बाबतीत मला कधी तशी गरज पडली नाही. उलट त्यांच्या काही गोष्टी थोड्या कमी करून सांगाव्या लागतात, नाहीतर लोक उठून जातात.

मामा बोटीवर भंडारी होते. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवरच्या खलाशांना भात आणि कालवण रांधून घातलं. "देवान आधी आडनाव दिल्यान धुरी, मगे काम शोधल्यान चुलीपाशी," असं ते स्वतःच सांगायचे. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी केस विंचरून शहरात जायचे. पण बोट थांबली म्हणून भूक थांबत नाही. भंडाऱ्याला तीन वेळची चूल होतीच. तो फार तर कांदे-बटाटे घ्यायला गोदीच्या फाटकापर्यंत जायचा आणि पोतं खांद्यावर मारून परत यायचा. त्यामुळे मामांचा प्रत्येक देश फाटकापाशी संपायचा.

"मामा, लिव्हरपूल कसं आहे हो?"

"चांगला आसा. फाटक हिरवा. पोलीस जाडो, पण सभ्य."

"आणि हॅम्बुर्ग?"

"फाटक मोठा. कांदो गोड."

"योकोहामा?"

"थयसर फाटकार एक कुत्रो होतो. शेपटी नाय." एवढं बोलून ते गप्प व्हायचे. जपानबद्दल याहून जास्त बोलणं म्हणजे चहाडी केल्यासारखं त्यांना वाटत असावं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी-त्यांची ओळख झाली. मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो आणि कांदिवली स्टेशनजवळ एका दुकानाच्या माळ्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. आठ मशिनं, एक पंखा, आणि त्या पंख्याखालच्या मशिनवरून मुलामुलींत रोज होणारी भांडणं. मामा समोरच्या चाळीत एकटे राहायचे. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गावचं घर त्यांनी भावाच्या मुलांच्या नावाने करून टाकलं होतं.

त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, ही खोली एखाद्या सकाळी नांगर उचलेल आणि मार्व्याच्या खाडीतून समुद्राला लागेल. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी ठोकलेली, डबे घसरू नयेत म्हणून. स्टोव्ह भिंतीतल्या कडीला तारेने बांधलेला. मामा उभे राहायचे तेही पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, जमीन केव्हाही कलेल अशा तयारीत. चहा दिला तो अर्धा कप.

"अर्धोच घे. संपलो की परत देतंय. बोट हलली तर सांडता."

"मामा, ही चाळ आहे."

"चाळ काय हलणा नाय?" मामांनी विचारलं. त्याच वेळी खालून मालगाडी गेली आणि फळीवरचे डबे खडखडले. मामांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पुढे कित्येक वर्षं मी त्या घरात अर्धा-अर्धा करून बादलीभर चहा प्यायलो असेन.

दाराशी भिंतीत दोन लाकडी खुंट्या होत्या. एकीवर मामांची पिशवी आणि टोपी. दुसरी रिकामी. माझ्या खांद्याला कार्बन पेपरांनी भरलेली कापडी पिशवी असायची, ती मी त्या रिकाम्या खुंटीला अडकवली. मामा बोलत होते ते बोलतच राहिले, फक्त उठले, पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"ती धरलेली आसा."

"कुणी धरलीय?"

"आसा एक," ते म्हणाले आणि चहाचा दुसरा अर्धा भाग ओतायला लागले.

त्यानंतर मी त्यांच्या घरी नेहमी पिशवी मांडीवर घेऊनच बसलो.

एके दिवशी दुपारी मामा क्लासात आले. मुली ए-एस-डी-एफ बडवत होत्या. मामा मधल्या वाटेत पाय फाकवून उभे राहिले आणि रेशनकार्डाचा अर्ज मागावा तशा सुरात म्हणाले, "मास्तर, माका एक ट्रस्ट टायप करून होयो."

"कसला ट्रस्ट?"

"पोरांका परदेशात शिकाक धाडूचो. बीए-एमेश्शी झाल्यारचा पुढचा शिकप."

आठही मशिनं बंद पडली. मी मामांना पंख्याखाली बसवलं आणि हळूहळू उलगडा झाला. पन्नासच्या दशकात मामांनी पोईसरला जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. का घेतला, तर तिथे गवत होतं. तीन-तीन महिने निळंच बघून परत आल्यावर जे हिरवं दिसेल ते विकत घ्यावंसं वाटायचं, असं त्यांचं म्हणणं. आता त्या गवतावर बिल्डरांची नजर गेली होती. एकाने दोन फ्लॅट आणि वर रोख असा भाव दिला होता.

"माका दोन घरा कित्याक? एक झोपाक, आणि दुसरा काय कूस बदलूक?" मामांनी विचारलं. त्यांनी सगळ्याचे पैसेच मागितले होते, आणि त्यातला एक रुपया स्वतःला ठेवणार नव्हते.

मी व्यवहारी सल्ला दिला. गावात शाळा बांधा, नावाची पाटी लागेल. इथे पाणपोई काढा, आशीर्वाद मिळतील. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"शाळेक लोक देतत, मास्तर. पाण्याक पण देतत. फाटकाच्या आत कोण धाडणा नाय."

मला त्याचा अर्थ कळला नाही. तो कळला मामांच्या खोलीत ट्रस्टचे उद्देश लिहायला बसलो तेव्हा. एका ओळखीच्या वकिलाकडून नमुन्याचा दस्तऐवज आणला होता. त्यात नावं भरायची आणि उद्देश बदलायचे. मी पेन सरसावून विचारलं, "उद्देश काय लिहू?" आणि मामा एकदम एका विलायती बंदरातल्या थंडीबद्दल बोलू लागले. त्या गावाचं नाव त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

बोट दुरुस्तीला लागली होती. संध्याकाळी गोदीच्या रस्त्याने एक काळासावळा पोरगा चालला होता, त्याला मामांच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास लागला. तो वासाच्या मागे मागे बोटीच्या शिडीपर्यंत आला आणि तिथे उभा राहून रडायला लागला. देवगडकडचा होता, अरविंद नावाचा, त्या विलायती गावातल्या कॉलेजात शिकत होता. मामांनी त्याला भात वाढला. तीनदा वाढला. मग तो रोज येऊ लागला. एका रविवारी तो म्हणाला, मामा, तुम्हाला माझं कॉलेज दाखवतो. आणि तीस वर्षांत मामा पहिल्यांदाच, आणि त्या एकाच गावात, गोदीचं फाटक ओलांडून पलीकडे गेले.

"कॉलेजाक पण फाटक होता," मामा म्हणाले. "मी थयसरच थांबलंय. तो म्हणता, मामा, आत चला. मी म्हटलंय, माझी चूल पेटलेली आसा. पण थयसून एक खिडकी दिसा होती. आत दीडशे माणूस असतला, मास्तर. दिवे लावन वाचतत. आणि आवाज नाय. माका वाटला, कोण मेला की काय."

"मग?"

"तो म्हणालो, पुढच्या खेपेक आत जाऊया."

पुढची खेप आठ महिन्यांनी आली. मामांनी त्याच्यासाठी सुके बोंबील नेले. पत्ता हातात धरून ते त्याच्या खोलीवर गेले. घरमालकिणीने हातवारे करून सांगितलं की पोरगा गेला. पैसे संपले, शेवटचं अर्धं वर्ष राहिलं होतं, ते सोडून परत गेला. मामा पुन्हा त्या कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले, खिडकीतले दिवे पाहिले आणि बोटीवर परत आले.

"बोंबील माझ्याच हातात रवले," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. माणसाच्या मनात एखादी गोष्ट किती वर्षं न सडता राहू शकते, याचा मला तोवर अंदाज नव्हता. मग सहज मान वळली आणि मी दाराजवळच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. मामांनी माझी नजर पकडली.

"तेका सांगान ठेवललंय. मुंबईक इलस तर माझ्या खोलयेत तुझी खुंटी आसा."

ही खुंटीची भानगड समजून घेतल्याशिवाय मामा समजत नाहीत. मामा पोरसवदा असताना कोकणातून मुंबईला आले ते माझगावातल्या गावच्या खोलीत. गावच्या खोल्या तेव्हा गिरणगावात आणि गोदीच्या आसपास पुष्कळ होत्या. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली एक खोली, तिच्यात तीस-चाळीस पुरुष. पाळीपाळीने झोपायचं. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे भिंतीतली एक खुंटी. तिच्यावर पिशवी, पिशवीत सगळा संसार. आणि खोलीची रीत अशी, की कितीही गर्दी झाली तरी एक खुंटी कायम रिकामी ठेवायची. गावाहून पुढचा जो कोण येईल त्याची.

"कित्याक ठेवतत माहीत आसा?" मामा म्हणाले. "नवो माणूस इलो की तेका झोपाक जागा खय ना खय मिळता, उकिडवो पण झोपता. पण खुंटी रिकामी दिसली की तेका कळता, आपली वाट बघतत. म्हणान लिव. जो पोरगो आमच्या ट्रस्टातसून परदेशात जायत, तेणी थयच्या खोलयेत पुढच्यासाठी एक खुंटी राखूची. आपली पिशवी टांगूची नाय."

हे झालं कलम नऊ. ते इंग्रजीत कसं लिहायचं यावर मी एक अख्खी संध्याकाळ खर्च केली. माझ्या इंग्रजीचा मला त्या काळी भलताच अभिमान होता. शब्दकोश काढला, खुंटीला शब्द शोधला, आणि वाक्य असं काही घडवलं की टाइप करून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

विश्वस्त तीन ठरले. मामा, मी, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त हेडमास्तर. ते कुठेही सही करायचे आणि कुठेही झोपायचे. दोन्ही गोष्टी त्यांना अतिशय वेगाने जमत.

कागद तयार होण्याआधीच मामांनी विद्यार्थी शोधायला सुरुवात केली. त्यांना आता दम निघत नव्हता. मी दोन-तीन कॉलेजांच्या फलकांवर चिठ्ठ्या लावून आलो आणि माझ्या क्लासात मुलाखती झाल्या. फर्स्ट क्लासवाले, टाय लावलेले, इंग्रजीत खोकणारे असे सगळे आले. मामा प्रत्येकाला अर्धा कप चहा द्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"फाटकातसून आत गेल्यार पयला काय करशीत?"

एक म्हणाला, लायब्ररीत जाईन. एक म्हणाला, फाटकाला नमस्कार करीन. एकाने मातृभूमीचं नाव उज्ज्वल करीन असं सांगितलं, तेव्हा मामांनी त्याला चहाचा दुसरा अर्धा भाग दिलाच नाही.

शेवटी एक मुलगी आली. भारती. मढची कोळ्यांची पोर, प्राणिशास्त्रात एमेस्सी, विलायतेतल्या एका विद्यापीठात मत्स्यशास्त्राला प्रवेश मिळालेला, पण पैशांचं पत्र जोडल्याशिवाय जागा पक्की होणार नव्हती. तिने आल्या आल्या पिशवी ठेवायला जागा शोधली, मग मांडीवर घेऊन बसली. मामांनी प्रश्न विचारला.

"वॉचमनला विचारीन, फाटक किती वाजता बंद होतं," ती म्हणाली. "म्हणजे बंद होईपर्यंत आत बसता येईल."

मामांनी तिचा कप काठोकाठ भरला. बशीत सांडलं तरी ओतत राहिले.

गंमत पुढेच होती. अर्जावर आईचं नाव होतं जनाबाई, आणि कांदिवलीच्या बाजारात मामा गेली दहा वर्षं जिच्याशी हुज्जत घालत होते तीच ही जनाबाई. मामा मासा घ्यायचे तो कल्ले उघडून, डोळ्यांत डोळे घालून, पोटाला अंगठा लावून. जनाबाई ओरडायची, "मामा, तू मासली घेतंस का तिची नाडी बगतंस?" पोरीने आईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम मामांनी अंगावर घेतलं. मी साक्षीदार म्हणून बरोबर होतो.

जनाबाईने कोयता खाली ठेवला. "माजी पोर मासली शिकाला विलायतेला जानार? मासली तं माजे टोपलीन हाय. मीच शिकवतंय, ये म्हनावं."

"जनाबाय, यंदा घोळ मासळी किती गावली?" मामांनी विचारलं.

"घोळ खय हाय आता? बापाच्या वक्ताला होती."

"कित्याक नाय?"

"ते मना काय ठाव? दर्यानं नाय दिली."

"ता शिकाक जातला तुझा चेडू," मामा म्हणाले. "इला म्हणजे तुका सांगात."

जनाबाईने टोपलीतले दोन मोठे सरंगे मामांच्या पिशवीत टाकले आणि पैसे घेतले नाहीत. "नाडी नको बगू," ती म्हणाली. "ताजं हाय."

अशी सगळी तयारी झाली. विद्यापीठाला नोंदलेल्या ट्रस्टचं पत्र महिनाअखेरच्या आत पोचायला हवं होतं. हातात बारा दिवस होते. आम्ही तिघं विश्वस्त धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेलो. हेडमास्तर बाकावर बसले आणि लगेच झोपले. आमचे कागद एका चष्मेवाल्या बाईंपुढे होते. त्या भराभर पानं उलटत होत्या, मान डोलावत होत्या, आणि एका ठिकाणी त्यांची पेन्सिल थांबली.

"हा ट्रस्ट शिष्यवृत्तीसाठी आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग यात पेग कुठून आला?"

"कुठला पेग?"

बाईंनी माझं लाडकं वाक्य सावकाश, स्पष्ट उच्चारांत वाचलं. "एव्हरी स्कॉलर शॅल ऑल्वेज कीप वन पेग रेडी फॉर द नेक्स्ट स्कॉलर, अँड शॅल नॉट टेक इट हिमसेल्फ." शेजारच्या टेबलावरचं मशिन थांबलं. "स्वतः घ्यायचा नाही, येणाऱ्याला द्यायचा," बाई म्हणाल्या. "भावना उदात्त आहे. पण दारू पाजणं धर्मादायात बसत नाही हो."

माझ्या कानांतून वाफ निघाली. मामांनी माझी बाही ओढली. "मास्तर, बाय काय म्हणता?"

मी सांगितलं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या त्या माणसाने दोन्ही कानांना हात लावले. "मेल्या, तू टायप काय केलंस?"

"खुंटीच केली, मामा."

"बाय, खुंटी," मामा पुढे झाले. "भितीतली. पिशवी टांगतत ती." आणि त्यांनी हवेत पिशवी टांगून दाखवली.

बाई इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले, आणि मग त्यांनी विचारलं की खुंटी तरी इथे कशाला. मामा त्या टेबलापुढे पाय फाकवून उभे राहिले आणि त्यांनी माझगावची खोली सांगितली. फार नाही, चार-पाच वाक्यं. त्या कचेरीत माणसं आपापली कामं थांबवून ऐकत होती. मी इतकी वर्षं लोकांना गोष्टी सांगतो आहे, हातवारे करतो, आवाज काढतो, पण खोली अशी गप्प करणं मला कधी साधलेलं नाही.

"आजोबा, कलम छान आहे," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. "पण परदेशातल्या भाड्याच्या खोलीतली खुंटी मी तपासू कशी? विद्यार्थ्यावर अशी अट घालायची तर वरच्या साहेबांपुढे स्पष्टीकरण द्यावं लागेल. पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनी मिळेल. कलम काढलंत आणि तिघांनी बाजूला सही केलीत, तर मी कागद आजच पुढे पाठवते. आठवड्यात नोंदणी होईल."

"तोंडी सांगा तिला, मामा," मी हळूच म्हणालो. "कागदावर कशाला हवं?"

मामांनी मान हलवली. "कागदार आसली तर ती खोलयेची रीत. सगळ्यांका सारखी. तोंडी सांगलंय तर उपकाराची वसुली झाली. पैसे दिलंय, आता माझी खुंटी ठेव."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर बघत होते की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की हा माणूस गवताचा तुकडा विकून, म्हातारपण एका खोलीत काढून, ज्या एका गोष्टीसाठी इथवर आला होता ती गोष्ट माझ्या एका शब्दामुळे अडकली होती. पण कलम धरून ठेवलं तर पोरगी फाटकाबाहेर राहत होती. हेडमास्तर घोरत होते.

मामा वळले. "काट, मास्तर."

मी रेघ मारली. ती वाकडी गेली. मामांनी बाजूला सही केली, मी केली, हेडमास्तरांना उठवून त्यांच्याकडून करून घेतली.

जिना उतरताना मामा म्हणाले, "आणि चेडवाक ह्यातला काय सांगूचा नाय. शप्पथ घे."

मी घेतली. एवढी एक शपथ मी पाळली आहे.

पत्र वेळेत पोचलं, परकीय चलनाची परवानगी आली, आणि भारती गेली. जाण्याआधी मामांच्या पाया पडायला आली. दारातून आत येताना तिने हातातली पिशवी सहज त्या रिकाम्या खुंटीला अडकवली, आणि मामांनी ती काढून तिच्या हातात दिली. "ती धरलेली आसा," ते म्हणाले. ती ओशाळली. मी छताकडे पाहिलं. मग मामांनी एक पुडकं काढलं. आत सुके बोंबील, त्यावर पाच वेष्टणं, त्यावर सुतळी.

"वास नाय येणा," मामा म्हणाले. "ह्या खेपेक माझ्या हातात रवाक नको."

चार महिन्यांनी तिचं पहिलं जाडजूड पाकीट आलं, माझ्या क्लासच्या पत्त्यावर. मी तसाच जिना उतरून रस्ता ओलांडून मामांकडे गेलो. पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि पत्र वाचून दाखवलं. कॉलेजचं फाटक रात्री दहाला बंद होतं, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आईला घोळीबद्दलचे चार प्रश्न विचारून कळवा, असं शेवटी होतं. पाकिटात एक फोटोही होता. भारती स्वेटर घालून लहानशा खोलीत खाटेवर बसली होती. मामांनी फोटो उजेडाकडे धरला. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते मागच्या भिंतीकडे बघत होते.

भिंतीत दोन खुंट्या होत्या. एकीवर एक कोट. खाली खुर्चीवर दुसरा कोट, मफलर, टोपी, पिशवी असा ढीग कोसळायच्या बेतात होता. आणि दुसरी खुंटी रिकामी.

मी फोटो उलटा केला. मागे तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं. "मामा, खोली लहान आहे. दुसरी खुंटी धरलेली आहे. कुणाची, ते तुम्ही कळवा."

मामांनी फोटो फळीवरच्या पट्टीमागे उभा ठेवला, घसरून पडणार नाही असा. माझ्याजवळ आले, माझ्या मांडीवरची पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन त्या रिकाम्या खुंटीला अडकवली.

"मामा, ती धरलेली होती ना?"

"होती," ते म्हणाले. "आता तो येणा नाय, मास्तर. आणि इलोच कधी, तर तेका सांग, तुझी खुंटी थय गेली. फाटकाच्या आत."

मग आम्ही अर्धा-अर्धा कप चहा प्यायलो, दोनदा. पुढच्या आठवड्यात मामा भावाच्या नातीच्या लग्नाला म्हणून गावी गेले आणि तिकडेच एका दुपारी जेवण करून झोपले ते उठले नाहीत. ट्रस्ट अजून आहे. दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी जातं, आधी गेलेल्याकडून खुंटीची रीत ऐकतं, आणि कलम नऊ कागदावर नसूनही आजवर एकाही पोराने मोडलेलं नाही.

पण मला मामा दिसतात ते त्या दिवशीचे. मी रस्ता ओलांडून क्लासात आलो आणि खिडकीतून मागे वळून पाहिलं. मामा दारात पाय फाकवून उभे होते, बोट लागण्याची वाट बघत असल्यासारखे, आणि त्या खुंटीवर लटकलेल्या माझ्या फाटक्या पिशवीकडे बघत होते. तीत दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या बॅचचे कार्बन पेपर होते.

पिशवी मी तिथे विसरलो, असं मी सगळ्यांना सांगतो. मी थापा मारतो, हे सुरुवातीलाच कबूल केलं आहे.